चार वेळचा जगज्जेता, पण टीम बुडाली

भावा, 'मोठा ड्रायव्हर टीम काढंल तर जिंकंलच' असं वर लिहिलंयस, ते ॲलन प्रॉस्टनंच खोटं पाडलंय. फॉर्म्युला वन कार रेसिंगचा चार वेळचा जगज्जेता, 51 शर्यती मारलेला गडी! 1997 ला लिजिए ही टीम विकत घेतली. पाच हंगामांत एकही विजय नाही. इंजिन देणारी प्यूजो कंपनी बाहेर पडल्यावर 2001 ला फेरारीचं इंजिन पैसे मोजून आणलं, प्रायोजक गळाले, 2002 च्या जानेवारीत टीमला कुलूप. उलट ख्रिश्चन हॉर्नर ड्रायव्हर बेताचाच; 1998 नंतर हेल्मेट उतरवून आर्डन ही आपली छोटी टीम सांभाळली, 2005 ला थेट रेड बुलच्या फॉर्म्युला वन टीमचा प्रमुख.

कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंग (छोट्या रेसिंग गाड्यांची) टीम उतरवणार असशील तर टायर, इंजिन-रिबिल्ड नि मेकॅनिकचा पगार आधी मांड. सकाळी टायरात भरलेल्या हवेचा दाब दुपारच्या उन्हात वाढतो, ग्रिप (रस्त्यावरची पकड) जाते. प्रत्येक सेशनआधी गेज लावून पाव-अर्धा पीएसआय (दाबाचं माप) हवा सोडणारा माणूस लागतोच.