चेस९६० मध्ये राजा एकच घर सरकला, तर ते कॅसलिंग धरायचं का?

अडीचघर: धाकट्या भावाशी परवा माझं चांगलंच वाजलं. नेहमीच्या मांडणीत तो पहिल्या दहा-बारा खेळ्या पाठ म्हटल्यासारख्या खेळतो आणि मी तिथेच मागे पडते, म्हणून मीच हट्टाने चेस९६० सुरू केलं, म्हणजे मागच्या रांगेतली मोहरी दर डावाला वेगळी मांडायचं बुद्धिबळ. परवाची मांडणी ए पट्टीपासून अशी: हत्ती, राजा, उंट, उंट, घोडा, हत्ती, वजीर, घोडा. माझ्याकडे पांढरी. मधले उंट बाहेर पडल्यावर त्याने राजा बी८ वरून सी८ वर ठेवला आणि ए८ चा हत्ती डी८ वर. मी म्हटलं, कॅसलिंग म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवायचे, पण राजा दोन घरं सरकलाच नाही, हे कसलं कॅसलिंग? शिवाय डी पट्टी मोकळी होती आणि डी१ वरच्या माझ्या हत्तीचा डी८ वर मारा होता. खेळी परत घ्यायला लावली. त्याचा हत्ती कोपऱ्यातच अडकला, तो हरला. कोणाचं बरोबर?

चौसष्ट: भावाचं. ९६० मध्ये राजा किती घरं सरकला ते मोजतच नाहीत, दोघे कुठे पोहोचले ते बघतात. ए बाजूला कॅसलिंग केलं तर राजा सी वर, हत्ती डी वर. एच बाजूला राजा जी वर, हत्ती एफ वर. नेहमीच्या बुद्धिबळात पोहोचतात तीच घरं. दोघांपैकी एक जण आधीच आपल्या घरात असेल तर तो हलतही नाही. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसले, तर अट एवढीच की दोघांच्या वाटेत तिसरं मोहरं नको, आणि राजाच्या वाटेवर, म्हणजे इथे बी८ आणि सी८ वर, मारा नको. डी८ वर हत्ती येणार होता. हत्ती माऱ्यात आला तरी नियमाला चालतं, नेहमीच्या डावातही चालतं.

माजी जगज्जेता बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्युनॉस आयर्सला हा प्रकार जाहीर केला, तेव्हा राजा दोन हत्तींच्या मधेच हवा ही अट घातली ती याच्यासाठी. दोन्ही बाजूंना कॅसलिंगची सोय राहिली पाहिजे.

तिरका_उंट: मला विचाराल तर कॅसलिंग काढूनच टाका. शफल चेसमध्ये मोहरी कशीही मांडतात आणि कॅसलिंग नसतं. भांडणच नको.

चौसष्ट: नाही पटत. पूर्ण शफलमध्ये दोन्ही उंट एकाच रंगावर येऊ शकतात, मग अर्ध्या पटावर उंटाचा वावरच उरत नाही. ९६० ची मांडणी अनोळखी असली तरी डाव मधल्या टप्प्यात आला की ओळखीचा वाटायला लागतो, आणि मला तेच आवडतं.

अडीचघर: मांडणी कशी काढता? आम्ही चिठ्ठ्या टाकतो. उंट एका रंगावर आले की सगळं पुन्हा.

चौसष्ट: एक फासा पुरे. आधी पहिल्या रांगेतल्या काळ्या चार घरांपैकी एकावर उंट. पाच-सहा पडले तर पुन्हा टाकायचा. दुसरा उंट पांढऱ्या चारांपैकी एकावर. उरलेल्या सहांत वजीर, मग पाचांत एक घोडा, चारांत दुसरा. शेवटच्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती आपोआप बसतात. गुणाकार करून बघा: चार गुणिले चार गुणिले सहा, आणि दोन घोड्यांच्या दहा जागा (पाच गुणिले चार वीस, पण घोडे सारखेच म्हणून निम्म्या). बरोबर ९६०. आणि पटावर कॅसलिंग करताना राजा आधी पटाबाहेर ठेवा, हत्ती त्याच्या घरात न्या, मग राजा बसवा. राजा नुसता सरकवला की साधी खेळी वाटते.

अडीचघर: भावाला हे सगळं वाचून दाखवलं. माझ्या वहीत त्या डावाच्या खेळ्या लिहिलेल्या आहेत. आज रात्री त्याच्या कॅसलिंगपासून डाव पुन्हा मांडतोय.