तीन केंद्रांचा डिप्रेशनवरचा अभ्यास: अनुदानासाठी एकच अर्ज करावा की जोडअर्ज? बजेट कुठे अडतं?

तीनकेंद्री

दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे देऊनही ज्यांचं डिप्रेशन उतरलेलं नाही अशा रुग्णांसाठी दोन प्रकारच्या थेरपींची तुलना करायची आहे. १६ सेशन्स, त्यानंतर फॉलोअप. सगळं धरून रुग्णामागे १२ महिने. तीन केंद्रं, पाच वर्षांचं अनुदान.

इफेक्ट साइझ (दोन गटांतल्या फरकाचं प्रमाणित माप) ०.४ आणि पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) ९०% धरून दर गटात १३२, एकूण २६४ रुग्ण निघतात. म्हणजे केंद्रामागे ८८. मुख्य निष्कर्ष हॅमिल्टन स्केलवर, म्हणजे मुलाखत घेऊन डिप्रेशनची तीव्रता मोजणाऱ्या १७ मुद्द्यांच्या मोजपट्टीवर.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मुख्य संस्थेनं एकच अर्ज करून बाकी दोघांना सबअवॉर्ड (करार करून आपल्या अनुदानातला वाटा) द्यावा, की तिन्ही संस्थांनी एकमेकांना जोडलेले वेगळे अर्ज करावेत? २६४ हा आकडा रिव्ह्यूमध्ये टिकेल का? आणि बजेटमध्ये नेमकं काय राहून जातं?

आकडेमोड

२६४ चं गणित चुकलेलं नाही, पण ते वेगळ्याच अभ्यासाचं आहे. त्यात एकही रुग्ण मध्येच सोडून जात नाही, आणि एका थेरपिस्टकडचे सगळे रुग्ण एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र आहेत, असं गृहीत धरलं आहे. थेरपीच्या अभ्यासात या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात, आणि कमिटीतला संख्याशास्त्रज्ञ पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो.

एकाच थेरपिस्टचे रुग्ण थोडेफार सारखे वागतात. या सारखेपणाचा आकडा, म्हणजे आयसीसी, ०.०५ धरू. विश्लेषणात थेरपिस्टमागे १२ रुग्ण असतील तर डिझाइन इफेक्ट (रुग्णसंख्या किती पट करायची तो आकडा) १ + (१२ − १) × ०.०५ = १.५५. मग २६४ चे होतात ४०९. त्यात २०% गळती धरली की नोंदवायचे ५१२. तुम्ही ठरवलेल्या संख्येच्या जवळजवळ दुप्पट.

हे पेलणार नसेल तर पॉवर ८०% वर या. दर गटात ९९, एकूण १९८, १.५५ ने गुणून ३०७. गळती धरून ३८४. केंद्रामागे १२८. थेरपिस्ट लागतील २६, दर गटात १३. इथे थेरपिस्टची संख्या निम्मी करून प्रत्येकाकडे २४ रुग्ण द्यायचा मोह होतो, कारण ट्रेनिंगचा खर्च वाचतो. पण मग डिझाइन इफेक्ट २.१५ होतो आणि नोंदवायचे रुग्ण ५३३ वर जातात. वाचवलेलं ट्रेनिंग कितीतरी पटींनी महाग पडतं. थेरपिस्ट वाढवणं हा इथला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सुरुवातीचा स्कोअर विश्लेषणात घेतला आणि शेवटच्या स्कोअरशी त्याचा सहसंबंध ०.५ निघाला, तर व्हेरियन्स (स्कोअर किती विखुरलेले आहेत ते) २५% उतरतो. हा फायदा अर्जातच वापरून संख्या कमी दाखवू नका. गळती २० ऐवजी ३० टक्के निघाली तर तोच तुम्हाला तारेल.

केंद्र हा घटक विश्लेषणात फिक्स्ड ठेवा, म्हणजे प्रत्येक केंद्राचा परिणाम ठरावीक मानून. तीन केंद्रांवरून केंद्रांमधला व्हेरियन्स भरवशानं काढता येत नाही, त्यामुळे 'रँडम इफेक्ट' लिहिलंत तर नक्की प्रश्न येईल. रँडमायझेशन (रुग्णांची गटांत चिठ्ठीसारखी वाटणी) केंद्रनिहाय आणि फार तर आणखी एका घटकावर. केंद्र, तीव्रता, लिंग आणि औषध चालू आहे की नाही असे सगळे घटक घेतलेत तर ३ × २ × २ × २ = २४ कप्पे होतात आणि बरेचसे अर्धवट राहतात. ब्लॉकचा (ज्या तुकडीत दोन्ही गटांना सारखेच रुग्ण जातात तिचा) आकार ४ आणि ६ असा बदलता ठेवा. थेरपी कोणती चालू आहे हे केंद्रातल्या माणसांना कळतंच; ब्लॉक कायम चारचा असेल तर तीन जण झाल्यावर चौथा कुठल्या गटात जाणार हे कोणीही सांगेल.

रेटर_ट्रेनर

वरच्या हिशेबात एक गळती दिसत नाही, ती मापनातली. स्कोअरची विश्वासार्हता कमी असेल तर दिसणारा इफेक्ट साइझ तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो आणि लागणारे रुग्ण तिच्या व्यस्त प्रमाणात वाढतात. विश्वासार्हता ०.९ ऐवजी ०.६ असेल तर त्याच पॉवरसाठी दीडपट रुग्ण लागतात. अर्जात रेटरच्या (मुलाखत घेऊन स्केलवर गुण देणाऱ्याच्या) ट्रेनिंगचा खर्च 'जादा' वाटतो म्हणून सगळ्यात आधी कापला जातो. त्या रकमेशेजारी हे दीडपटीचं गणित लिहा. मग सहसा कोणी हात लावत नाही.

वेगवेगळ्या केंद्रांत फरक कुठे पडतो ते एका मुद्द्यावर बघा. हॅमिल्टनमधला सातवा मुद्दा कामधंदा आणि आवडीनिवडींचा, गुण ० ते ४. आजारामुळे काम थांबलं असेल तर ४. आता समोरच्या बाईंची नोकरी कारखाना बंद पडल्यामुळे गेली आहे, घरचं काम त्या रेटून करतात, पण भरतकाम सोडून दिलं आहे. एका केंद्रातला रेटर 'नोकरी नाही' म्हणून ४ देतो, दुसऱ्यातला 'उत्साह नाही' म्हणून १ किंवा २. एका मुद्द्यात दोन-तीन गुणांचा फरक. असे दोन मुद्दे आले की थेरपीनं पडणारा फरक त्यात झाकला जातो. म्हणून तिन्ही केंद्रांसाठी अशा अडनिड्या प्रसंगांची एकच लिखित नियमावली हवी, आणि नवा प्रसंग आला की तिची नवी आवृत्ती तारखेसह सगळ्यांकडे जायला हवी.

सुरुवातीला प्रत्येक रेटरनं त्याच मुलाखतींच्या रेकॉर्डिंगवर स्वतंत्र गुण द्यावेत, आयसीसी (इथे त्याचे गुण बाकीच्यांशी किती जुळतात तो आकडा) ०.८० च्या खाली असेल त्यानं रुग्ण बघू नयेत. मग दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा. पहिल्या वर्षी जुळलेले रेटर तिसऱ्या वर्षी जुळतीलच असं नाही, प्रत्येक केंद्र नकळत आपापल्या बाजूला सरकतं. रेटर नोकरी सोडणार हेही धरा आणि ट्रेनिंगचा खर्च पहिल्या वर्षात एकरकमी न दाखवता पाचही वर्षांत पसरा.

प्रवेशाची अट हॅमिल्टनवर ठेवू नका. 'किमान २० गुण' अशी अट असली आणि नोंदणीचा दबाव आला की १८ चे २० होतात. कोणी जाणूनबुजून करत नाही, शंका असेल तिथे वरचा गुण दिला जातो. पुढच्या भेटीत ते गुण आपोआप खाली येतात, दोन्ही गटांत, आणि फरक बुजतो. प्रवेशासाठी रुग्णानं स्वतः भरायचं स्केल घ्या, निष्कर्षासाठी हॅमिल्टन, आणि प्रवेशाची रेषा रेटरला सांगूच नका.

अर्जवाचक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुख्यतः पैसा मध्येच हलवावा लागेल का यावर ठरतं.

एकच अर्ज आणि सबअवॉर्ड असेल तर एखादं केंद्र मागे पडल्यावर मुख्य संस्था त्याचा उरलेला पैसा दुसऱ्याकडे वळवू शकते. जोडअर्जात प्रत्येक संस्थेचं अनुदान वेगळं. प्रत्येक केंद्राचा मुख्य संशोधक बरोबरीचा राहतो, पैसा थेट त्याच्या संस्थेत येतो, सबअवॉर्डच्या करारांत महिने जात नाहीत. पण एका केंद्राचा न वापरलेला पैसा दुसऱ्याकडे वळवणं तुमच्या हातात राहत नाही. तीनही केंद्रांकडे नोंदणीचा भक्कम जुना आकडा असेल तर जोडअर्ज. एकाबद्दल जरी शंका असेल तर एकच अर्ज.

अमेरिकेच्या एनआयएमएचकडे (मानसिक आरोग्याच्या संशोधनाला अनुदान देणारी सरकारी संस्था) जोडअर्जाची पद्धत अशी: प्रत्येक संस्था स्वतंत्र अर्ज करते, शीर्षक सगळ्यांचं तेच, त्याआधी १/३, २/३, ३/३. संशोधनाचा आराखडा समान, बजेट आणि केंद्राची माहिती आपापली. परीक्षण एकत्र होतं. एकाच्या अर्जात नोंदणी १२८ आणि दुसऱ्याच्या तक्त्यात १२० असं राहून गेलं की समन्वयाची क्षमता तिथेच संशयात येते. शेवटच्या आठवड्यात तीनही अर्ज शेजारी ठेवून एकाच माणसानं सगळे आकडे ताडून बघावेत. आणि अर्ज मागवणारी सूचना अजून चालू आहे का, क्लिनिकल ट्रायल तिच्यात बसते का, हे सगळ्यात आधी बघा.

एनआयएमएच जिचा भाग आहे त्या एनआयएचच्या आणखी काही गोष्टी. कुठल्याही एका वर्षात थेट खर्च ५ लाख डॉलर किंवा जास्त असेल तर अर्जाच्या किमान सहा आठवडे आधी परवानगी मागावी लागते, आणि जोडअर्जांत ही मर्यादा सगळ्यांची बेरीज करून लागते. प्रत्येकी २ लाख मागितले तरी तिघांचे ६ लाख होतात. अमेरिकेतली अनेक केंद्रं एकच प्रोटोकॉल राबवत असतील तर २५ जानेवारी २०१८ पासून एकाच एथिक्स बोर्डाची अट आहे. केंद्रांचं स्थानिक काम त्यामुळे संपत नाही: त्या एका बोर्डाच्या निर्णयावर विसंबण्याचा करार, संमतीपत्रातला स्थानिक मजकूर, स्थानिक नियमांची तपासणी हे उरतंच, आणि त्याला माणूस लागतो. २५ जानेवारी २०२३ पासून डेटा जपण्याची आणि खुला करण्याची योजना अर्जासोबत द्यावी लागते, तिचा खर्च बजेटमध्ये मागता येतो. एनआयएमएचच्या डेटा संग्रहासाठी प्रत्येक सहभागीचा जो सांकेतिक क्रमांक बनतो त्याला जन्माच्या वेळचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव लागतं. संमती घेतानाच हे विचारा. वर्षभरानं फोन करून जन्मगाव विचारलं की लोक बिचकतात.

केंद्र_समन्वयक

बजेटमध्ये सर्वांत जास्त राहून जातो तो नोंदवल्या न गेलेल्या रुग्णांचा खर्च.

आधी कॅलेंडर. ६० महिन्यांतले पहिले ९ परवानग्या, करार, भरती, ट्रेनिंग यात जातात. शेवटच्या रुग्णाचा फॉलोअप १२, डेटा बंद करून विश्लेषण ६. नोंदणीला उरले ३३. ३८४ भागिले ३३ म्हणजे महिन्याला साधारण १२, केंद्रामागे ४.

समजा आठ जणांशी फोनवर बोलल्यावर तीन मुलाखतीला येतात आणि एक नोंदवला जातो. मग प्रत्येक केंद्राला महिन्याला ३२ फोन आणि १२ मुलाखती. फोन अर्ध्या तासाचा, मुलाखत संमतीसकट अडीच तासांची: ४ तास अधिक साडेसात, म्हणजे एका नोंदवलेल्या रुग्णामागे साडेअकरा तास, थेरपी सुरू होण्याआधीच. पुढची सहा मूल्यमापनं दीड-दीड तासाची, ९ तास. एकूण साडेवीस. १२८ रुग्णांचे केंद्रामागे २,६२४ तास, आणि यात चुकलेल्या भेटी, पुन्हा लावलेल्या वेळा, डेटा भरणं काहीच धरलेलं नाही. हा तक्ता जसाच्या तसा बजेटच्या समर्थनात टाका. 'संशोधन सहायक, पूर्णवेळ, २' एवढंच लिहिलं तर एक कापला जातो. तासांचा हिशेब दिला तर कापणाऱ्याला कुठलं काम थांबवायचं हे सांगावं लागतं.

केंद्रांना पैसे निव्वळ रुग्णामागे देऊ नका. नोंदणी मंदावली की त्या केंद्रातल्या सहायकाचा पगारच थांबतो, तो सोडून जातो, आणि नोंदणी कायमची बसते. ठरावीक पगार अधिक नोंदणीमागे रक्कम असं मिश्रण ठेवा. करारात हेही लिहा: केंद्र सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत लक्ष्याच्या निम्म्याहून कमी नोंदणी असेल तर कारणं तपासून उरलेला पैसा राखीव केंद्राकडे जाईल. राखीव केंद्राचं नाव आणि पत्र अर्जातच हवं. 'आमच्याकडे असे भरपूर रुग्ण येतात' छापाची पाठिंब्याची पत्रं निरुपयोगी असतात. गेल्या १२ महिन्यांत प्रवेशाच्या सगळ्या अटी एकत्र पूर्ण करणारे किती आले, तो आकडा पत्रात हवा.

डेटा तपासणीसाठीही पैसा राखा. स्किझोफ्रेनियाच्या 'केटी' या अमेरिकी अभ्यासात ५७ केंद्रांवर १,४९३ रुग्ण होते. त्यातल्या एका केंद्राच्या ३३ जणांचा डेटा त्याच्या खरेपणाबद्दल शंका आल्यानं विश्लेषणाआधीच वगळला गेला. त्यांच्याकडे १,४६० उरले. तुमच्या तीनपैकी एक केंद्र वगळावं लागलं तर अभ्यासच उरत नाही.

तीनकेंद्री

३८४ धरून नव्यानं मांडते. एका केंद्राबद्दल खरंच शंका आहे, त्यामुळे एकच अर्ज. रेटिंग तिन्ही केंद्रांसाठी व्हिडिओ कॉलवरून, गट माहीत नसलेल्या मध्यवर्ती रेटरकडून करायचं ठरतंय. मुलाखतीत आत्महत्येचा विचार पुढे आला तर काय लिहायचं? रेटर दुसऱ्या गावी असेल.

रेटर_ट्रेनर

मध्यवर्ती रेटिंगचा निर्णय चांगला. पण ही जबाबदारी 'स्थानिक केंद्र बघेल' असं लिहून सोडू नका.

प्रत्येक कॉलच्या पहिल्याच मिनिटाला रुग्ण आत्ता कुठे आहे तो पूर्ण पत्ता, चालू फोन नंबर आणि जवळच्या एका माणसाचा नंबर नोंदवायचा. नोंदणीच्या वेळचा पत्ता चालत नाही. माणूस बहिणीकडे गेलेला असू शकतो, गाडीत बसून बोलत असू शकतो. हॅमिल्टनच्या तिसऱ्या, आत्महत्येच्या मुद्द्यावर किती गुणांना पुढची सविस्तर तपासणी करायची, हे आधीच ठरलेलं असावं. बेत किंवा साधन हाताशी असल्याचं कळलं तर कॉल बंद करायचा नाही. दुसऱ्या फोनवरून त्या केंद्राच्या त्या दिवशीच्या ड्युटी डॉक्टरला लावायचा, आणि डॉक्टर रुग्णाशी बोलू लागेपर्यंत रेटरनं लाइनवर राहायचं. त्यासाठी प्रत्येक केंद्राची ड्युटीची यादी दर आठवड्याला रेटरकडे पोचायला हवी, आणि ड्युटी डॉक्टरचं मानधन बजेटमध्ये वेगळ्या ओळीत. संध्याकाळचे कॉल ठेवणार असाल, आणि नोकरी करणाऱ्या रुग्णांसाठी ठेवावेच लागतील, तर ड्युटीही संध्याकाळची हवी.

आणखी एक. ड्युटी डॉक्टरशी बोलताना रेटरच्या कानावर रुग्णाचा गट पडू शकतो. तसं झालं तर नोंद करा आणि त्या रुग्णाची पुढची सगळी रेटिंग दुसऱ्या रेटरकडे द्या. म्हणून मध्यवर्ती रेटर दोन नकोत, किमान तीन हवेत.