कोणीच कोणाचा साहेब नसताना सहनिर्मितीचं नेतृत्व कसं शिकायचं?

काठावरून (धागाकर्ता)

नदीचं प्रदूषण एका खात्याच्या किंवा एका संस्थेच्या आवाक्यातलं नसतं. सरकारी खातं, कारखाने, स्वयंसेवी संस्था, संशोधक आणि काठावर राहणारे लोक अशी मोट बांधूनच उपाय घडवावा लागतो; सहनिर्मिती म्हणतात ती हीच. प्रकल्प चालवणं येतं: वेळापत्रक, अंदाजपत्रक, अहवाल. पण इथे हुकूम कोणालाच देता येत नाही आणि उत्तरही आधी ठाऊक नसतं. तर,

१. पहिल्या एकत्र बैठकीआधी नेमकं काय करायचं?
२. निर्णय कसे घ्यायचे? ‘एकमताने’ म्हटलं की वर्ष वर्ष जातं.
३. मोठ्या खुर्चीवाले बोलतात, बाकीचे माना डोलावतात. यावर काय?
४. हे सगळं शिकायचं कोणत्या क्रमाने?

‘सर्वांना विश्वासात घ्या’ हे ऐकून झालंय. त्यापुढचं सांगा.

---

नोंदवही

आधी एक गोष्ट तपासा: हा प्रश्न खरंच सहनिर्मितीचा आहे का? होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी 1973 मध्ये ज्यांना ‘विकेड प्रॉब्लेम’ म्हटलं, त्यांची खूण अशी की प्रश्न नेमका काय आहे यावरच भांडण असतं. सांडपाण्याच्या पंपाची मोटर जळाली असेल तर तीस माणसांची सभा भरवू नका, मोटर बदला. एकट्या खात्याला सुटणारा प्रश्न सभेत आणला की लोक एकदा येतात, पुन्हा येत नाहीत.

सहनिर्मिती लागणारच असेल तर पहिली बैठक ठरवण्याआधी 20 ते 30 मुलाखती घ्या. प्रत्येकाशी एकेकट्याने, 45 ते 60 मिनिटं, त्यांच्या जागी जाऊन. सगळ्यांना प्रश्न तेच:

- तुमच्या मते इथे बिघडलंय काय?
- आधी असा प्रयत्न झाला होता का, तो कुठे मोडला?
- तुम्हाला ‘हो’ म्हणायला वर कोणाला विचारावं लागतं?
- काय झालं तर तुम्ही उठून जाल?
- आणखी कोण नसेल तर ठरलेलं टिकणार नाही?

शेवटच्या प्रश्नाला सलग तीन-चार मुलाखतींत नवं नाव आलं नाही की थांबा. मग दोन पानांचं टिपण करा: नावं गाळून, पण शब्द त्यांचेच ठेवून. बैठकीच्या आठवडाभर आधी ते सगळ्यांना परत द्या. आपलं म्हणणं विरोधकाच्या म्हणण्याशेजारी जसंच्या तसं छापलेलं दिसलं की निम्मा ताण तिथेच उतरतो.

या टिपणाचं खरं काम एका उदाहरणात दाखवतो. कारखाना म्हणतो, ‘आमचं पाणी मर्यादेत आहे.’ काठावरचे म्हणतात, ‘कोरड्या महिन्यांत पाण्याला वास मारतो.’ दोघांना समोरासमोर बसवलंत तर एकमेकांना खोटारडे म्हणून मोकळे होतील. पण मर्यादा असते ती सांडपाणी नदीत सोडणाऱ्या नळाच्या तोंडाशी, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. समजा सोडलेल्या पाण्याची बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाल्ला जातो त्याचं माप) 30 आणि नदीची 2. एक भाग सांडपाणी एकोणीस भाग नदीत मिसळलं तर मिश्रण 3.4 वर येतं. नदी आटून प्रमाण एकास एक झालं की तेच 16. नळावरचा आकडा हललाच नाही आणि नदी मेली. म्हणजे दोघंही खरं बोलत होते. आता प्रश्न ‘चोर कोण’ असा न राहता ‘प्रवाह कमी असताना किती सोडायचं’ असा होतो, आणि त्यावर सगळ्यांना काम करता येतं. प्रश्नाची अशी नवी मांडणी हाती लागणं हेच मुलाखतींचं फळ. ती तुम्ही मात्र जाहीर करू नका. दोन्ही बाजूंची विधानं आणि हे गणित बैठकीत शेजारी शेजारी ठेवा, मांडणी त्यांना करू द्या.

---

तिरपी_रेघ

नोंदवहीशी सहमत. फक्त दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण बहुतेक मोटी तिथेच सुटतात.

निर्णयाचा नियम पहिल्याच बैठकीत ठरवा, वादाचा विषय समोर येण्याआधी. नंतर ठरवायला गेलात तर प्रत्येकजण आपण जिंकू असाच नियम मागतो. सोपी रीत बोटांची: मूठ म्हणजे अडवतो, एक-दोन बोटं म्हणजे आक्षेप आहे, तीन म्हणजे चालवून घेईन, चार म्हणजे पाठिंबा, पाच म्हणजे पुढाकार घेईन. तीनच्या खाली असणाऱ्याने ‘काय बदललं तर तीनवर येईन’ हे सांगायलाच हवं. नुसता नकार धरायचा नाही. सगळे तीनवर आले तर निर्णय झाला. पाचाची वाट बघत बसलात तर तुम्ही म्हणता तसं वर्ष जातं.

त्याला जोडून दुसरा नियम हवा: दोन बैठकांत जमलं नाही तर काय? हा नसेल तर आहे ते चालू राहण्यात ज्याचा फायदा, त्याला फक्त वेळ काढत बसायचं असतं. पर्याय दोन-तीनच आहेत. ठरावीक बहुमत, किंवा मतभेद लेखी नोंदवून विषय अधिकृत खात्याकडे सोपवणं, किंवा तेवढ्या मुद्द्यावर प्रयोग करून पाहणं. कुठलाही घ्या, पण लिहून ठेवा.

समतोल सदिच्छेवर सोडू नये, रचनेत बसवावा. 1993 मध्ये स्थापन झालेल्या, जंगलं नीट राखली जातात का याचं प्रमाणपत्र देणाऱ्या फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलमध्ये सदस्यांची तीन सभागृहं आहेत: आर्थिक, सामाजिक, पर्यावरणीय. तिघांना मतांचा एकेक तृतीयांश वाटा. शिवाय प्रत्येक सभागृहात जगाचा उत्तर (श्रीमंत देश) आणि दक्षिण (विकसनशील देश) भाग यांना निम्मी-निम्मी मतं. लाकूड कंपन्यांचे कितीही सदस्य आले तरी त्यांचं वजन तृतीयांशापलीकडे जात नाही.

आणि दोन-तीन पानांचा करार: कोण कोणाच्या वतीने बोलतो, माहिती कोणती उघड होणार, पत्रकारांशी कोण बोलणार, पैसा कोणाच्या खात्यात, बाहेर पडायचं असल्यास किती दिवसांची सूचना. प्रतिनिधी म्हणून व्यक्तीचं नाव न घालता पद घाला, सोबत एक पर्यायी माणूस. अधिकाऱ्याची बदली झाली की सहा महिन्यांचं काम शून्यावर येतं, ते यामुळे निदान अर्ध्यावर राहतं.

---

उलटतपासणी

शेरी अर्न्स्टीन यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली: तळाला फसवणूक, वर लोकांचं नियंत्रण, आणि माहिती देणं, सल्ला घेणं या मधल्या पायऱ्या. आजकाल सहनिर्मिती म्हणून जे चालतं त्यातलं बरंचसं सल्ला घेण्याच्या पायरीवरच असतं. मसुदा आधीच तयार, लोकांनी फक्त चिठ्ठ्या चिकटवायच्या. तुम्ही कोणत्या पायरीवर आहात ते निमंत्रणात खरं लिहा. सल्ला हवा असेल तर ‘सल्ला’ म्हणा, कोणी रागावत नाही. राग येतो तो सहनिर्मिती म्हणून बोलावल्यावर.

गप्प राहणाऱ्यांबद्दल. ‘तुम्हीही बोला ना’ म्हणून कोणी बोलत नाही. हे करा:

आदल्या दिवशी त्यांच्यासोबत 45 मिनिटं बसा. विषय, आकडे, अवघड शब्द तेव्हाच उलगडा. बैठकीत प्रश्न टाकल्यावर चार मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, मग जोडीने बोलायचं, मग सगळ्यांसमोर. सुरुवात सगळ्यात खालच्या पदापासून. साहेब आधी बोलले की त्यांच्या हाताखालचे चार जण त्या वाक्याच्या बाहेर जात नाहीत. लिहिता न येणारे असतील तर लिहिण्याऐवजी थेट जोडीने बोलणं. आणि बुडालेली मजुरी व प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या. बाकीचे पगारी वेळेत येतात, हे लोक कमाई सोडून येतात.

पाण्याचे नमुने एकत्र घ्या. आकडे येण्याआधी जागा, वेळ, पद्धत आणि प्रयोगशाळा ठरवून सह्या घ्यायच्या. एकाच वेळी भरलेल्या बाटल्या दोन प्रयोगशाळांकडे, सीलवर सगळ्या बाजूंच्या सह्या, बाटल्या बर्फात 4 अंशांच्या आसपास. आकडे आल्यावर पद्धतीवर भांडायची सोय मग कोणालाच उरत नाही. लोक काठावर उभं राहून बाटली भरताना जे बोलतात ते सभागृहात बोलत नाहीत, हा फायदा वेगळाच.

---

काठावरून

फारच कामाचं. दोन उपप्रश्न. कारखान्यांचे वकील माहिती देऊ देत नाहीत, तेव्हा काय? आणि चौथा प्रश्न राहिलाच.

---

तिरपी_रेघ

वकिलांची भीती बरेचदा रास्त असते. एकाच धंद्यातले स्पर्धक एका खोलीत बसले की किंमत, उत्पादन, ग्राहक यांवर बोलणं स्पर्धा कायद्याखाली अडचणीत आणतं. विषयपत्रिका वकिलांना आधी दाखवा आणि वर्ज्य विषय तीवर छापा. कच्चे आकडे विद्यापीठासारख्या तिऱ्हाइताकडे ठेवा, टेबलावर फक्त एकत्रित बेरीज येऊ द्या. कारखाने तीन-चारच असतील तर मात्र सावध: बेरजेतून एकेकाचा आकडा सहज ओळखता येतो.

---

नोंदवही

चौथा प्रश्न. क्रम साधारण असा ठेवा.

पहिल्या तीन बैठका फक्त इतिवृत्त लिहा. हलकं काम वाटतं, पण कोण काय म्हणालं आणि त्याला काय म्हणायचं होतं यातला फरक कानाला तिथेच कळतो. इतिवृत्त 48 तासांत पाठवा. दुरुस्त्या येतील, त्यांतून आपण कुठे चुकीचं ऐकतो ते समजतं.

मग 20 मिनिटांचा एकच भाग चालवायला घ्या, अनुभवी सुलभक (बैठक चालवणारा तटस्थ माणूस) खोलीत असताना. एकाला मागे बसवून नुसत्या रेघा मारायला सांगा: कोणत्या क्षेत्राचा माणूस किती वेळा बोलला, तुम्ही किती वेळा. तुमच्या रेघा सगळ्यांत जास्त असतील तर बैठक तुम्ही बळकावलीत. नंतर पूर्ण बैठकीची आखणी, आणि अगदी शेवटी निमंत्रकपद. अभ्यासक्रम वगैरे यादरम्यान करा. आधी करून फारसा उपयोग नाही, कारण प्रश्नच पडलेले नसतात.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून: तुमच्या उपायाचा मोह आवरा. न्यूयॉर्क शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी कॅट्सकिल डोंगरातल्या पाणलोटाचा प्रश्न बघा. 1990 मध्ये शहराने वरच्या भागातल्या शेतकऱ्यांसाठी कडक नियमांचा मसुदा काढला आणि आगडोंब उसळला. वाट निघाली ती शेतकऱ्यांनीच आराखडा मांडल्यावर: प्रत्येक शेताची वेगळी योजना, खर्च शहराचा, भाग घेणं ऐच्छिक, पण पाच वर्षांत 85 टक्के शेतकरी आलेच पाहिजेत. पुढे 1997 मध्ये शहर, राज्य, केंद्रीय पर्यावरण खातं, पाणलोटातली गावं आणि पर्यावरण संस्था यांचा करार झाला आणि एरवी शहराला उभारावा लागला असता तो पाणी गाळण्याचा अब्जावधी डॉलरचा प्रकल्प टळला. ‘ऐच्छिक, पण ८५ टक्के’ ही अट कुठल्याही कार्यालयात बसून सुचली नसती. शेजाऱ्याला कोण कसं पटवेल हे शेतकऱ्यांनाच माहीत होतं.

---

उलटतपासणी

नोंदवहींच्या क्रमाला एक दुरुस्ती. निमंत्रक आणि सुलभक एकच माणूस नको. निमंत्रकाचं वजन असावं लागतं, म्हणजे त्याचा हितसंबंध आलाच. सुलभकाचा हितसंबंध नसावा लागतो. धागाकर्ते स्वतः यांपैकी एका बाजूच्या संस्थेत असतील तर त्यांनी सुलभक होण्याचा नाद सोडावा, कितीही चांगलं जमत असलं तरी.

आणि पहिली दोन पावलं 90 दिवसांत दिसतील इतकी लहान घ्या. प्रत्येकाच्या शेजारी, सुरू करण्याआधीच, ‘कोणता आकडा आला तर बंद करायचं’ हे लिहा. हा रकाना रिकामा राहिला की फसलेला प्रयोगही कोणी ना कोणी ‘यशस्वी’ ठरवून पुढे रेटतो.

---

काठावरून

मुलाखतींची यादी आजच करायला घेतो. उलटतपासणी, तुमचं मान्य: निमंत्रक खात्याकडून घेऊ, सुलभक बाहेरून. मी इतिवृत्त लिहितो.