कीथ फ्लॉइडला खरंच स्वयंपाक येत होता का?

प्रश्न:
कीथ फ्लॉइड या ब्रिटिश टीव्ही-आचाऱ्याच्या बीबीसीवरच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमांचे जुने भाग बघतोय. गळ्यात बो-टाय, हातात वाइनचा ग्लास, मध्येच कॅमेरामनवर खेकसणं. चार भाग संपले, एकही पाककृती प्रमाणासकट उतरवून घेता आली नाही! हा आचारी होता की नुसता नट? आणि खरंच प्यायचा का?

प्रतिसाद १:
आचारीच. टीव्हीवर यायच्या आधी ब्रिस्टलमध्ये त्याची रेस्टॉरंट्स होती, डेव्हिड प्रिचर्ड या निर्मात्याला तो तिथेच सापडला. १९८५ ची 'फ्लॉइड ऑन फिश' ही मालिका गाजली आणि गाडी सुटली.

मी स्वतः बरीच वर्षं कॅमेरा धरून पोट भरलं, म्हणून सांगतो, ते खेकसणं फुकटचं नव्हतं. क्लाइव्ह नॉर्थ हा त्याचा कॅमेरामन. माझ्या तोंडावरून हल, भांड्यात बघ, असं फ्लॉइड त्याला चालू शॉटमध्ये सांगायचा. म्हणजे दिग्दर्शन तोच करत होता, तेही कांदा परतता परतता. स्टुडिओतला ओटा आणि मोजून ठेवलेल्या वाट्या सोडून हा बोटीवर नाहीतर उघड्यावर शेगडी मांडायचा. वाऱ्यात, डुगडुगत्या टेबलावर. तिथे कॅमेरा धरून बघा एकदा!

त्याच्या 'फ्लॉइड ऑन फ्रान्स' मालिकेतला पिपेरादचा (मिरच्या, टोमॅटो आणि अंड्यांचा बास्क पदार्थ; बास्क म्हणजे फ्रान्स-स्पेन सीमेवरचा प्रदेश) प्रसंग शोधा. बास्क बाईंच्या घरात, त्यांचाच पदार्थ, आणि बाईंनी चाखून सरळ नापास केला. दुसऱ्या कुणी तो तुकडा कापला असता. यांनी ठेवला.

प्रतिसाद २:
पिण्याचं कौतुक नको. २००४ मध्ये दारू पिऊन गाडी ठोकली, परवाना गेला. चार लग्नं मोडली. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या टकनहे गावी पब घेतला, १९९६ मध्ये दिवाळं. प्रिचर्डशीही फाटलं. प्रिचर्ड पुढे रिक स्टाइन या आचाऱ्याकडे गेला, जो आधी फ्लॉइडच्याच कार्यक्रमात पाहुणा होता.

प्रतिसाद १:
मान्य, त्यावर वाद नाही. शेवटचा दिवस तर पटकथेत कुणी लिहिला असता तर मीच खोडला असता. १४ सप्टेंबर २००९. लाइम रेजिस या इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावी मजेत जेवला, त्याच दिवशी हृदयविकाराने गेला. वय ६५. आणि रात्री चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीवर त्याच्यावरचाच माहितीपट, आधीपासून ठरलेला.

प्रश्नकर्ता:
पिपेराद सापडलं. बाईंचा चेहरा! आणि क्लाइव्हने कॅमेरा हलवला नाही, हेही आता दिसलं.