‘लग्न केलं की आयएलआर आयतीच’ म्हणणाऱ्यांना

शर्वरी_स्लाउ
परवा ब्रिटनच्या स्पाउस (जोडीदाराच्या) व्हिसाच्या चर्चेत मिरजकरांनी लिहिलं, “आम्ही वर्क व्हिसावाले इथे घासतोय आणि ब्रिटिश माणसाशी लग्न केलेल्यांना पाच वर्षांत आयती आयएलआर.” आयएलआर म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी. गप्प बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

एप्रिल २०२५ च्या दराने हिशोब करा. भारतातून अर्ज १,९३८ पौंड, पहिल्या ३३ महिन्यांचा हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी) ३,१०५. मुदतवाढ १,३२१, तिचा सरचार्ज अडीच हजारांच्या वर. शेवटी आयएलआर ३,०२९. बाराएक हजार पौंड झाले, वकील वेगळा. वर जोडीदाराचं उत्पन्न वर्षाला २९,००० हवं. एप्रिल २०२४ पर्यंत हीच अट १८,६०० होती. पुण्यात माझी चांगली नोकरी होती, पण पहिल्या अर्जात तिकडचा पगार धरतच नाहीत. नुसत्या बचतीवर यायचं तर ८८,५०० पौंड दाखवा.

पण माझा खरा राग पैशांवर नाही. पगाराच्या स्लिपा नवऱ्याच्या, कंपनीचं पत्र त्याचं, घर त्याच्या नावावर. पुढे मुदतवाढीला आणि आयएलआरला एकत्र राहिल्याचे कागद मागतात: काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी), वीज, गॅस, बँक. सगळी बिलं नवऱ्याच्या नावावर असली की बाई त्या घरात वर्षानुवर्षं स्वयंपाक करते, पण कागदावर ती तिथे नसतेच. मी नाव घालायचं म्हटलं तेव्हा सासरे म्हणाले, “घरच्या माणसाचं बिलावर नाव कशाला?” नवरा समजूतदार होता म्हणून निभावलं. ज्यांचा तसा नाही त्यांनी काय करायचं?

मिरजकर
ताई, वर्षाला १,०३५ चा सरचार्ज आम्हीही भरतो, बायकोमुलांचाही. आयएलआरची फीही तेवढीच. फरक ऐका: माझ्या कंपनीने मला काढलं तर साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसा पुरस्कृत करणारी कंपनी, शोधा नाहीतर बोऱ्याबिस्तर गुंडाळा. मुलगी शाळेत रुळलेली असली तरी. आणि मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने काय मांडलं? आयएलआरसाठी आमची पाचाची दहा वर्षं करायची आणि ब्रिटिश नागरिकांच्या जोडीदारांची पाचच ठेवायची. कर आम्ही भरायचा आणि रांगेत मागे आम्हीच. याला आयतं नाही तर काय म्हणू?

शर्वरी_स्लाउ
श्वेतपत्रिका मी लिहिली नाही. सरकारवरचा राग आमच्यावर कशाला काढता?

नर्मदाकाठ
तुमचं चालू द्या, पण खरा घोळ आपल्याकडच्या नावांचा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. माझ्या मावसबहिणीचं लग्नात नाव बदललं. आडनाव आणि मधलं नाव तर बदललंच, पाळण्यातलं नावही गेलं, तांदळात नवं लिहून. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, लग्नाच्या दाखल्यावर दोन्हींची खिचडी. इंग्रजी माध्यमातली पदवी असली की इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळते, त्यासाठी एक्टिस या पदव्या तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडून पदवी पडताळून घ्यावी लागते. पदवीवरची मुलगी आणि अर्जातली बाई एकच आहे हे सिद्ध करता करता तिचा जीव मेटाकुटीला आला. राजपत्रात नाव छापून आणा, प्रतिज्ञापत्र करा, सही जुळत नाही म्हणून पुन्हा करा.

वाईकर_काका
म्हणजे आता ब्रिटिशांच्या व्हिसासाठी आपल्या रीती सोडायच्या? माझ्या सुनेचंही नाव आम्ही बदललं, तिनेच निवडलं. कागदपत्रं नीट न करणं हा आळस झाला, त्याचं खापर लग्नविधीवर फोडू नका.

नर्मदाकाठ
आळस? काका, राजपत्राचे हेलपाटे तुमच्या मुलाने घातले का कधी? त्याचं तर एक अक्षरही बदललं नाही! विधीत हवं ते नाव ठेवा, घरात त्या नावाने हाक मारा. पण पासपोर्टला हात लावू नका. नाव बदलायची सक्ती ना भारताची आहे ना ब्रिटनची. नावापुरतं बोलायचं तर माहेरच्या नावाचा पासपोर्ट आणि लग्नाच्या नोंदणीचा दाखला एवढ्यावर स्पाउस व्हिसाचा अर्ज होतो.

वाईकर_काका
आवाज चढवायचं कारण नाही. वडीलमाणसाशी बोलताय.

नर्मदाकाठ
वडीलकीचा मान आहेच. पण भोगावं लागतं सुनांना, म्हणून आवाज चढतो.

तेजूची_आई
नावांवरून भांडताय तोवर मूळ मुद्दा राहिला. शर्वरीने विचारलं, नवरा समजूतदार नसेल तर? आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं सांगते. नवरा ब्रिटिश नागरिक. पासपोर्ट त्याच्या कपाटात, बँकेत तिचं खातं नाही, आणि रोज धमकी: “होम ऑफिसला (गृहखात्याला) एक मेल टाकतो, उद्या तू मुंबईत.” तिच्या व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत नाही. आपल्याला कुठे आसराही मिळणार नाही, असं तिने धरूनच ठेवलं होतं. मारहाण सहन करत राहिली.

वास्तविक कायद्यात वाट आहे. ब्रिटिश नागरिकाचा किंवा आयएलआरवाल्याचा जोडीदार घरगुती हिंसाचारामुळे वेगळा झाला, तर पाच वर्षं न थांबता आयएलआरसाठी अर्ज करता येतो. त्याला इंग्रजीची अट नाही, ब्रिटनच्या माहितीवरचा ‘लाइफ इन द यूके’ पेपर नाही. त्याआधी तीन महिने राहायची सवलत मागता येते, त्या काळात सरकारी मदतही मिळू शकते. हे तिला शेजारच्या गुजराती बाईंनी सांगितलं. आपल्या मंडळींनी गणपतीच्या आरतीला तिला दरवर्षी पाहिलं आणि “सून बारीक झाली” एवढंच म्हटलं. याची मला अजून चीड येते.

आणि मिरजकर, तुमच्यासाठीही एक सांगते. वर्क व्हिसावाल्याच्या डिपेंडंट बायकोला ती तीन महिन्यांची सवलत मिळू शकते, पण हिंसाचाराच्या नियमाखालची आयएलआर मिळत नाही. म्हणजे तुमच्यासारख्यांच्या घरातली बाई जास्त अडकलेली आहे.

मिरजकर
“तुमच्यासारख्यांच्या घरातली” म्हणजे? माझ्या बायकोचा पासपोर्ट तिच्याकडेच असतो. न ओळखता आरोप करू नका.

तेजूची_आई
तुमच्या घरावर बोलले नाही, तुमच्या व्हिसाच्या वर्गावर बोलले. पण शब्द लागला असेल तर तो मागे घेते. नियम मात्र तोच राहतो.

मिरजकर
ही सवलत आणि आयएलआरमधली फट मला माहीत नव्हती. बायकोला वाचून दाखवलं, तिलाही नव्हती. ठीक आहे, ‘आयती’ म्हणणार नाही. पण पाचाची दहा करणं अन्यायच आहे, यावर मी ठाम आहे आणि तुम्हीही जरा आमच्या बाजूने बोला.

शर्वरी_स्लाउ
त्यावर मी तुमच्या बरोबर आहे, आधीही होते. तुम्ही विचारलंच नव्हतं. तोवर तुमच्या काउन्सिल टॅक्सच्या बिलावर बायकोचं नाव आहे का ते बघा.

मिरजकर
नाही. घातलं पाहिजे, मान्य.

वाईकर_काका
सुनेचा अर्ज पुढच्या महिन्यात आहे. पासपोर्ट नव्या नावाचा, पदवी जुन्या. नर्मदाकाठ, राजपत्राची प्रत जोडली तर चालेल का?

नर्मदाकाठ
काका, राजपत्र, लग्नाचा दाखला आणि जुन्या पासपोर्टची प्रत, तिन्ही जोडा. इंग्रजीची परीक्षा द्यायची ठरली तर नोंदणी पासपोर्टवरच्या नावानेच करा, नाहीतर केंद्रावरून परत पाठवतील. आणि हेलपाटे या वेळी मुलाला घालू द्या.