सोलकढी: सोलं कुसकरायची की आगळ ओतायचं?

रातांबा
चार मित्र जेवायला येणार म्हटलं की सुरमईचं वाटण सकाळपासून, आणि सोलकढी मात्र पानं मांडता मांडता. बाटलीतलं आगळ (कोकमाचा खारवलेला रस), पुड्यातली नारळाची पावडर, गार पाणी, ढवळलं की झाली! माझं मत सरळ आहे: कढी सोलांचीच, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या सालींची. आगळाची नुसती आंबट-खारट लागते. सोलांच्या कढीत आंबटाबरोबर थोडा तुरटपणा आणि वाळल्या सालीचा वास उतरतो.
माप घ्या. एका मोठ्या नारळाला १२ ते १५ सोलं. वरचं मीठ जाईल एवढीच धुवायची, मग वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास. हातानं कुसकरा, गाळा, तीच सोलं पुन्हा अर्ध्या वाटी पाण्यात पिळा. सोलं नवी असतील तर मऊ आणि काळपट जांभळी असतात. काळी, कडक, वाजणारी जुनी सोलं आली असतील तर १८ सुद्धा पुरत नाहीत. एका नारळात पाच-सहा पेले कढी होते.

खळ्यावरून
सोलांना एवढं डोक्यावर घेण्याआधी ती होतात कशी ते बघा. रातांबे (कोकमाची फळं) फोडून बी-गर वेगळा, साली उन्हात, आणि वाळत असताना त्याच रातांब्याच्या खारवलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून परत उन्हात. आगळ म्हणजे तोच खारवलेला रस. म्हणजे तुम्ही रस वाळवून सालीवर चढवता आणि पाण्यात घालून परत उतरवता! एप्रिल-मेच्या फळाला जून लवकर गाठला तर सोलं नीट वाळत नाहीत, बुरशी धरतात. आगळाला ती भीती नाही.
वीस माणसांना चार नारळ लागतात, म्हणजे साठ सोलं. एक मूठ जुनी निघाली की सगळ्या पातेल्याची चव हलते. आगळ नारळाला तीन-चार टेबलस्पून, दर वेळी तेवढंच.

रातांबा
आगळात मीठ भरपूर असतं, तेच टिकण्याचं कारण. घोळ तिथेच आहे. आंबट कमी वाटलं म्हणून आणखी दोन चमचे ओतले की आंबट जागेवर येतं आणि खारट पुढे निघून जातं. मग पाणी घाला, की नारळ पातळ. सोलांत आंबट आणि मीठ बऱ्यापैकी वेगळं हाताळता येतं.

खळ्यावरून
हे मान्य. म्हणून आगळाच्या कढीत वरून मीठ घालायचं ते सगळं मिसळून, चाखून, अगदी शेवटी. बहुतेक वेळा लागतच नाही. फारच खारट आगळ हाती आलं तर अर्धं आगळ आणि पाच-सहा सोलांचं पाणी. पण त्यासाठी आगळाला बाद कशाला करायचं?

माडबन
दोघेही आंबटावर भांडताय. कढी बिघडते ती नारळात.
खवताना विळी करवंटीपर्यंत नेऊ नका. खोबऱ्याची तपकिरी पाठ खवलेल्यात आली की रस मळकट निघतो, मग सोलं घाला की आगळ, रंग गढूळच. नारळ हलवून पाणी वाजणारा घ्या. गोटा होत आलेल्या, म्हणजे आतून सुकत आलेल्या नारळाचा रस तेलकट होतो, शहाळ्याच्या मलईला रसच नसतो.
पाणी कोमट हवं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे फ्रिजमधल्या पाण्यात वाटलंत तर स्निग्धांश चोथ्यातच अडकून बसतो. उलट कढत पाणी घेतलं किंवा मिक्सर दोन मिनिटं एकसारखा फिरवला तर तेल सुटतं आणि कढी टाळूला चिकटते. थांबत थांबत, दहा-दहा सेकंदांचे चार फेरे पुरे. पंच्यातून पिळा. पहिला रस एक वाटी, वेगळा ठेवा. त्याच चोथ्यात पाणी घालून दुसरा वाटीभर, तिसरा अर्धी वाटी.
आता क्रम. पातळ रसात (दुसरा-तिसरा एकत्र) आधी आंबट मिसळा आणि मग त्यात घट्ट रस धारेनं सोडा. घट्ट रसावर थेट आगळ ओतलं की जिथे धार पडते तिथे गुठळ्या धरतात. नारळातली प्रथिनं तीव्र आंबटानं थिजतात, उष्णता असेल तर लगेच. सोलं उकळत्या पाण्यात भिजवून ते पाणी गरमच ओतणाऱ्यांची कढी म्हणूनच फुटते. त्यात नारळाची काही चूक नाही.

दर्याकाठ
आणि पुड्यातला रस? रविवारी वीस जण, चार नारळ खवायला बसणार कोण?

माडबन
आमटीत चालेल. कढी कच्ची असते, त्यामुळे तापवून पॅक केलेल्या रसाचा शिजका वास लपत नाही. घेतलाच तर दुप्पट पाण्यानं पातळ करा आणि निदान एक ताजा नारळ सोबत वाटा. पावडर मात्र नको, तळाशी खडूसारखी बसते.

गुलाबीगँग
ते सगळं ठीक, पण हॉटेलातल्यासारखा गुलाबी रंग सोलांनी येत नाही. बिटाचा एक काप टाकला तर काय बिघडलं?

रातांबा
बिटाचा मातकट वास गार कढीत सगळ्यात आधी नाकात जातो. कोकमाचा रंग आंबटावर चालतो: आंबट भरपूर तर लाल, कमी पडलं की जांभळट, करडा. कढी राखाडी दिसली तर ती आंबट मागते आहे, बीट नव्हे. काही बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानंही असं होतं. तिथे पिण्याचं दुसरं पाणी वापरा. भांडं स्टील, काच किंवा मातीचं. ॲल्युमिनियम आणि कल्हई गेलेलं पितळ नको, आंबट धातूला खातं.
फिकट गुलाबी हाच सोलांचा रंग. रंगासाठीच हवं असेल तर, हो, आगळ जास्त देखणं. (हे लिहिताना हात जड झाला.)

खळ्यावरून
नोंद घेतली आहे.

तिवळवाली
रोजच्या जेवणात नारळ फोडतंय कोण? म्हणून घरोघर तिवळ आहे, तिचं नाव कोणी काढत नाही. दोन पेले गार पाणी, एक-दीड टेबलस्पून आगळ, ठेचलेली अर्धी मिरची, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर. संपलं. इथे आगळच बरा. एवढ्याशा कामाक सोलां अर्धो तास भिजवीत कोण बसतलो? मीठ चाखूनच घाला गो, नायतर आगळ आणि तू मिळून समुद्र करशात.

रातांबा
तिवळीला आगळ, यावर वाद नाही. कढीवर मी हटत नाही.

दर्याकाठ
लसूण किती? आमच्याकडे आदल्या रात्री करून ठेवायचा विचार आहे.

माडबन
नारळाला दोन बारक्या पाकळ्या, एक मिरची. खोबऱ्याबरोबर मिक्सरमध्ये नको, उग्र होतो. मिठाच्या चार कणांबरोबर खलात ठेचा, पातळ रसात दहा मिनिटं ठेवा आणि गाळून टाका. आदल्या रात्री फक्त सोलांचं पाणी किंवा पातळ केलेलं आगळ तयार ठेवा. रस सकाळी काढा, लसूण जेवणाआधी तासभर. लसूण घातलेली कढी रात्रभर राहिली तर सकाळी फ्रिज उघडल्यावरच कळतं.
फ्रिजमधून वीस मिनिटं आधी बाहेर काढा, वर गोठलेला थर ढवळून जिरवा. बर्फ पेल्यात टाकू नका, भांडं बर्फात ठेवा.

खळ्यावरून
आणि उरलेली भातावर घ्यायची तर भात गरम, कढी गार. कोणीतरी दरवेळी ती गॅसवर ठेवतंच.