मदत हवी आहे : बसेंजीला ल्यूर कोर्सिंग शिकवायचंय

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १४ महिन्यांची बसेंजी जातीची कुत्री आहे, चिंगी. भुंकत नाही, पण मी घरी आले की असा आलाप लावते की शेजारच्या काकू दार उघडून बघतात. परवा नाशिकच्या गंगापूर रोडला वाऱ्याने उडालेल्या पिशवीमागे पट्टा हिसकावून सुटली. माझा तळहात अजून सोललेला आहे. म्हटलं, पिशवीमागेच धावायचंय ना, मग रीतसर धाव बाई!

ल्यूर कोर्सिंगमध्ये पुल्यांवरून फिरवलेल्या दोरीला प्लास्टिकची पिशवी बांधतात, मोटर ती ओढते आणि कुत्रं तिच्यामागे धावतं. अमेरिकन केनेल क्लब वर्षाच्या आतलं कुत्रं स्पर्धेत घेत नाही, तेवढं वय झालंय.

मखमलाबादला मामांचं कांदा काढून मोकळं झालेलं रान आहे. पण बांधाला लागून द्राक्षबागेच्या तारा. चिंगी एकदा सुटली की हाकेला भीक घालत नाही, तर आडोशाला नेट पुरेल का? दोरी पायात अडकून कापू नये म्हणून वळणं किती ठेवायची? आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी मोटर अंबड-सातपूरला कोणी जुळवून देईल का?

कारवान (आपल्याकडचं वेगवान शिकारी कुत्रं) पाळणारे कोणी असाल तर तुम्हीही या. रान मोठं आहे.